नांदेड पाऊण तासावर

अहो,

तुमचा फोन लागत नाही म्हणून लिहून ठेवतेय. मी नांदेडला आपल्या आरोहीकडं निघालेय. सकाळी तिचा फोन आला. "आई, येतेस का?" एवढंच म्हणाली. मोबाईलवर बघितलं तर सोलापूर ते नांदेड विमानानं पाऊण तास दाखवत होतं. जेवायला येतेच म्हणून तिला सांगूनही बसले. मग सात रस्ता चौकातल्या ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "काकू, ते नुसतं अंतर मोजून सांगतंय. हितनं थेट विमानच नाही की." मग वेळ कशाला दाखवायची? मला काही कळेना.

आता एसटीनं जातेय. कडक भाकरी, शेंगाचटणी डब्यात आहे. आमटी तेवढी गरम करून घ्या. किती दिवस राहीन ते सांगता येत नाही. साड्या चार भरल्या, दोन काढल्या, परत भरल्या. जावयांना फोन करू नका. का ते मलाही नीट माहीत नाही, पण आरोही तसं म्हणाली.

पोचायला रात्र होईल असं तिला कळवलं. एरवी उगाच दगदग नको म्हणणारी आपली पोरगी आज म्हणाली, "होऊ दे उशीर. मी आत्ताच स्टँडवर येऊन बसते."

वैजयंती