बार मोजणारी सून

मामंजी, परवा पुण्याहून एक बाई आल्या होत्या. सांगलीला, तुमच्या धाकट्या नातवाच्या घरी. मी दुपारची शेंगा फोडत बसले होते. साठ सालानंतर परदेशातल्या सरकारांनी आपल्या सरकारला पाण्याच्या कामात कशी कशी मदत केली, याचा इतिहास त्या लिहितायत म्हणे. मी म्हटलं, बाई, मी आपली भाकरी थापणारी, दोन सरकारांच्या मधे माझं काय काम? तर त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. आपल्या विहिरीवर आलेल्या गोऱ्या साहेबानं त्याच्या सरकारला पाठवलेल्या अहवालाची ती नक्कल होती. त्यात काय लिहिलंय ते बाईंनी मला मराठीतून सांगितलं: इथले लोक सुरुंगाचे बार कानानं मोजतात, मोजायला मुकादमानं स्वतःची सून उभी केली आहे, अमक्या दिवशी एक बार उडाला नाही असं तिनं सांगूनही मुकादम मुदतीआधी खाली उतरला, म्हणून त्याला कामावरून कमी केलं. बाईंनी विचारलं, "ती सून म्हणजे तुम्हीच ना?" मी मान हलवली. "आणि तुम्ही खरंच सांगितलं होतंत?" मी तेव्हाही मान हलवली. त्यांनी ते लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेल्या. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. म्हणून वहीतली पानं फाडून तुम्हाला लिहायला बसलेय.

तुम्हाला आठवत असेलच, नवीन लग्न होऊन मी म्हसवडच्या पलीकडं तुमच्या घरी आले आणि दोन महिन्यांत हे पलटणीत परत गेले. घरात तुम्ही आणि आत्याबाई, सासू-सासरे दोघं, आणि मी. पाऊस दोन वर्षं पाठ फिरवून बसलेला. गावची विहीर खोल करायचं काम तुमच्या अंगावर होतं. पहारीनं खडकात भोकं पाडायची, त्यात दारूच्या कांड्या ठासायच्या, वरून वाती. वाती तुम्ही मुद्दाम लहानमोठ्या कापायचात, म्हणजे बार एकामागून एक उडत. सगळ्यांत शेवटी तुम्ही वाती पेटवून दोर धरून वर यायचात आणि आम्ही सगळे बांधाआड. मग कुणीतरी मोजायचं. आठ भोकं असली तर आठ आवाज. सात झाले तर त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही. पूर्वी तुम्हीच मोजायचात, पण दारूनं तुमचे कान जड झाले होते आणि गड्यांचा तुम्हाला भरवसा नव्हता. मी पाट्या टाकायला यायचे. एकदा तुम्ही सहज विचारलंत, "किती झालं गं?" आणि मी पदराआडून म्हटलं, "सहा. पाचवा आणि सहावा जवळजवळ झाले." तुम्ही गड्यांना म्हणालात, "ह्या पोरीचा कान बगा!" झालं, दुसऱ्या दिवसापासून मी मोजणारी.

आत्याबाई केवढ्या चिडल्या होत्या! "आवं, नव्या सुनंला बापयांच्या घोळक्यात हुबी करता? लोक त्वांडात श्यान घालतील." तुम्ही भाकरी मोडत शांतपणे म्हणालात, "कान कान असतोय. बाईचा न्हाई आन् बापयाचा न्हाई." पण सासऱ्यासमोर आणि परक्या माणसांत सुनेनं तोंड वर करून बोलायचं नाही, ही रीत काही तुम्ही मोडली नाहीत. मी पुटपुटत तुमच्यापुरतं सांगायची, आणि तुम्ही खड्या आवाजात सगळ्यांना. माझा आकडा माझ्या तोंडून कुणी कधी ऐकलाच नाही. पदर तेवढा कानामागं घ्यायला लावलात. तेवढ्यानंच मला उघडं पडल्यासारखं व्हायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही मला दम दिलात, तो अजून कानात आहे: "एक कमी सांगितलंस तर एक दिस वाया जाईल. एक जास्ती सांगितलंस तर मानूस जाईल. ध्येनात ठिव." त्या दिवसापासून मामंजी, मी भीतीतच जगले. भाकरी थापताना मोजायची, झाडताना मोजायची. चुकायला नको म्हणून भोकं असतील तितके खडे डाव्या मुठीत धरायची आणि बार उडाला की एक खडा उजव्या हातात घ्यायची. डावा हात रिकामा झाला की माझा श्वास सुटायचा. म्हसवडच्या जत्रेतून तुम्ही मला चपला आणल्यात, आत्याबाईंना न सांगता. "खडी टोचती, घाल," म्हणालात. सासरी माझ्यासाठी कुणी आणलेली ती पहिली वस्तू. मला वाटलं, या माणसाला माझ्या हातून काही होऊ नये. देवा सिद्धनाथा, एवढं कर.

मग खडकात भोकं पाडायचं ते परदेशी यंत्र आलं. मुंबईच्या बंदरात उतरलं, शिरवळवरून साताऱ्याला आलं आणि तिथून लॉरीवर आपल्याकडं. त्याच्या अंगावर दोन झेंडे रंगवले होते, एक आपला आणि एक त्यांचा. त्याआधी परदेशातून आपल्यापर्यंत काय यायचं, तर शाळेतली दूध पावडर. आता माणूसच आला. गोरा साहेब, अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी. त्याच्याबरोबर साताऱ्याचे ओव्हरसियर, इंग्रजीचं मराठी करून सांगायला. त्या मदतीला मी नावं ठेवणार नाही. गडी पंधरा दिवस पहारी आपटत तिथं ते यंत्र एका दिवसात भोकं पाडायचं. साहेब कामाला चोख होता, उन्हात उभा राहायचा, गड्यांच्या आधी पाणी प्यायचा नाही. पण त्यानं एक लाकडी पेटीही आणली होती. वाती नाहीत, काडी नाही. तारा जोडायच्या, लांब जाऊन पेटीचा दांडा दाबायचा, की सगळे बार एका दमात. पेटी बघून तुमचं तोंड उतरलं ते मी पाहिलं. जेवणातही तुमचं लक्ष नव्हतं. आणि बार काढायच्या दिवशी सकाळी तुम्ही ओव्हरसियरना म्हणालात, "रावसाहेब, पेटी आली म्हनून कान टाकून द्यायचा व्हय? माजी सून एका बाराच्या पोटातलं आट बार येगळं करून सांगंल." ते हसले. त्यांनी साहेबाला सांगितलं. साहेबानं वहीत लिहून घेतलं. मला तसलं काही येत नव्हतं, मामंजी. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

काठावर ही गर्दी जमलीय. तालुक्याचे साहेब लोक, शाळेची पोरं, शेजारच्या वाडीवरची माणसं. सगळ्यांना पेटी बघायचीय. माझ्या डाव्या मुठीत आठ खडे आहेत. साहेब शिट्टी मारतो. दांडा खाली जातो. आणि एकच दणका होतो. एकच. पायाखालची जमीन हलते, धूर वर येतो, उडालेले दगड खाली पडतात आणि मग सगळं गप्प. मी एक खडा उजव्या हातात घेते. सात डावीकडं राहतात. ओव्हरसियर ओरडून सांगतात, "अर्धा तास कुणी हलायचं नाही! साहेब आधी स्वतः बघणार." तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी खिदळतो, "काय मुकादम, सुनंला आता घरी लावा, चुलीम्होरं भाकरी मोजू द्या!" सगळे हसतात. तुमची मान ताठ होते. तुम्ही वळता, माझ्याजवळ येता आणि रोजच्यासारखं हळू विचारता, "किती?"

"एकच" म्हणायला माझे ओठ उघडले होते. पण एकच म्हटलं तर सकाळचा तुमचा शब्द खोटा पडणार. सगळ्या गावासमोर, गोऱ्या साहेबासमोर. आणि माझी लाज ती वेगळीच. ज्या कानाचं एवढं कौतुक झालं तो कान काही नाही, हे कळणार. मी म्हटलं, "आठ."

तुम्ही माझ्याकडं क्षणभर बघितलंत. मग ताठ उभं राहून ओरडलात, "आट! समदं उडालं!" साहेब पाठमोरा बसून तारा गुंडाळत होता. त्यानं शिट्टी फुंकेपर्यंत तुम्ही दोर धरून काठाखाली गेला होतात. तो शिट्टी मारतच राहिला. खालून तुमचा खोकला ऐकू आला. मग तुम्ही पहार मागितलीत, सैल झालेला दगड पाडायला. गड्यानं ती सोडली. पहार खडकाला लागल्याचा खण्ण आवाज वर आला. पुन्हा एक खण्ण. मामंजी, सहा महिने मी दारूचे बार मोजले, पण आजही कानातून जात नाही तो त्या पहारीचा आवाज. स्वयंपाकघरात झारा खाली पडला तरी मी दचकते, आणि सुना हसतात. तिसरा आवाज आलाच नाही. खोकलाही थांबला. किती वेळ गेला कोण जाणे. मग अगदी दबक्या आवाजात तुम्ही म्हणालात, "पहार वर वढा. सावकाश. दगडाला लागू देऊ नगा." त्या 'सावकाश'वरून मला सगळं कळलं.

तुम्ही वर आलात तेव्हा दगडाच्या धुळीनं केसांपासून नखांपर्यंत पांढरे झाला होतात. हातात तुटक्या तारेचं टोक होतं. ओव्हरसियर धावत आले. तुम्ही म्हणालात, "एक राह्यलाय. उगवतीच्या कोपऱ्यात. सुनंनं सांगितलं व्हतं मला. म्याच आयकलं न्हाई." मी रीतभात विसरून मान वर केली. तुम्ही माझ्याकडं बघत नव्हतात. तुम्ही माझ्या डाव्या मुठीकडं बघत होतात. ती अजून आवळलेली होती. साहेब लालेलाल होऊन बराच वेळ बोलला, आणि ओव्हरसियरनी त्याचं मराठी एवढंच केलं, "मुकादम, उद्यापासनं येऊ नका." मग ते माझ्याकडं वळले. "शाब्बास, बाई. तू तरी खरं बोललीस." घरी जाताना तुम्ही पुढं आणि मी मागं. त्या आठाबद्दल तुम्ही मला तेव्हा विचारलं नाहीत. नंतरही नाही.

विहिरीला पाणी लागलं. काठावर फरशी बसली, त्यावर दोन्ही देशांची नावं. मी त्या विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं भरलं, पण कधी आत डोकावले नाही. तुम्ही शेरडं राखायला लागलात. गावात तुमचं नाव हेकट पडलं. आत्याबाई आल्यागेल्यासमोर म्हणायच्या, "सून जीव तोडून सांगत व्हती, पन ह्यास्नी कुनाचं आयकायची सवय हाय व्हय?" आणि तुम्ही कपबशी खाली ठेवून उठायचात. दर वेळी तुम्ही घसा खाकरलात की मला वाटायचं, आता बोलणार. आता सांगणार. तुम्ही जाईपर्यंत मी त्या खाकरण्याला भ्याले. तुम्ही गेल्यावर दहाव्याला लोकांनी पुन्हा तीच गोष्ट काढली, माझ्या कानाची. तेव्हाही मी मान हलवली होती. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

त्या बाई गेल्यापासून मात्र एक वेगळीच गोष्ट मनात घर करून बसलीय. तुमचे कान जड झाले होते, पण एवढे नव्हे. एकच दणका झाला हे शाळेच्या पोरालाही कळलं. तुम्हाला कळलं नाही? मग तुम्ही मला विचारलंत कशाला? मला वाटतं मामंजी, गावासमोर तुमचीच मान अडकली होती, आणि ती सोडवून घ्यायला तुम्ही माझ्याकडं आला होतात. मी नुसतं "कळत नाही" म्हणायचं होतं. तुम्ही लगेच ओरडला असतात, "सून म्हनती थांबा!" आणि कुणी हसलं नसतं. तुम्ही मला वाट मागितलीत आणि मी तुम्हाला विहिरीत उतरवलं. हे मला तुमच्या वयाची झाल्यावर कळतंय, याचा मला संताप येतो. थोडा तुमचाही येतो. घरी आल्यावर एक थोबाडीत दिली असतीत तर मी मोकळी झाले असते.

आणि एक राहिलंच. आजवर मी मनाला सांगत आले की तुम्ही उतरत असताना मला ओरडता आलं नाही, कारण सुनेनं चारचौघांत आवाज चढवायचा नाही अशी रीत होती. ते खोटं आहे. एकदा विंचू निघाला तेव्हा मी त्याच काठावर किंचाळले होते, कुणी काही म्हटलं नव्हतं. दोर हलत होता, तुमचं मुंडासं अजून दिसत होतं, आणि मी विचार केला की उतरू देत, काही होणारही नाही कदाचित, आणि मग माझं खोटं कुणाला कळायचं नाही. तेवढ्या वेळात तुमच्या मरणापेक्षा मला माझ्या लाजेचीच भीती जास्त वाटली.

तुम्हाला अक्षरओळख नव्हती. यांची पलटणीतली पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायची. हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मी स्वतःला ओळखते, एवढा शेवटचा मजकूर मी गाळला असता.