शिंगांचा ट्रॅक्टर

इंदापूर,
३ जून

प्रिय विमल,

पत्र बघून आधी घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तोंड व्यवस्थित चालू आहे. तुझं माळेगाव इथून दीड तासावर, खिशात फोन, आणि दादा पत्र कसलं लिहीत बसलाय, असं तू म्हणशील. अगं, फोनवर मी जरा मुद्द्यावर आलो की तू "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय वळवतेस. गेल्या भाऊबीजेला हेच बोलायला आलो होतो आणि तुझ्या करंज्या खाऊन परत आलो. कागदाला काही करंज्या पुढं करता येत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

एकतीस तारखेला रिटायर झालो. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं भरली. फेटा, शाल, नारळ, सगळं साग्रसंगीत झालं. तुझ्या नवऱ्याला, दीपकरावांना, मी फोन केला होता, पण तुम्ही आला नाहीत तरी चालेल अशा आवाजात केला होता. ते समजूतदार आहेत, त्यांना आवाज कळला. तू आली नाहीस याचं मला त्या सकाळी बरंच वाटलं होतं. संध्याकाळी मात्र फार वाईट वाटलं. का, ते सांगायचं तर शिंग्यापासून सांगावं लागेल.

आपलं हायवेवरचं गॅरेज. आबा ट्रकची इंजिनं खोलायचे, मी पाट्या टाकायचो, आणि दहावीनंतर तुला घरी बसवलं म्हणून तू रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुवायला यायचीस. धुता धुता एकेक वस्तू बाजूला काढायला लागलीस. आम्हाला वाटलं, पोरगी खेळतेय. दिवाळीनंतर सुरू केलंस ते बेंदरापर्यंत करडाएवढा ट्रॅक्टर उभा राहिला. पुढं बेअरिंगची चाकं, मागं स्कूटरचे ब्रेक ड्रम, तेलाच्या डब्याचं बॉनेट, पोटात ट्रकच्या वायपरची मोटर आणि सायकलची चेन. ड्रायव्हर म्हणून जळका स्पार्क प्लग, त्याला लाल चिंधीचा फेटा. आणि बॉनेटवर सायकलच्या हँडलची दोन वाकडी शिंगं, म्हणून नाव शिंग्या! आबा म्हणाले, "ट्रॅक्टरला शिंगं कुठं असत्यात व्हय गं?" तू म्हणालीस, "बैलाचं काम घेतलं न्हवं त्यानं? मग शिंगं बी घिऊ द्या की." बेंदराला तू त्याच्या शिंगांना हिंगूळ लावलास, बॉनेटवर पुरणपोळीचा घास ठेवलास, आणि आबांनी खरोखर हात जोडले. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या लावून तू त्याला गॅरेजभर फिरवायचीस. वळणावर दोन्ही ट्रॉल्या न उलटता गुमान मागून यायच्या. ते कसं जमवलंस, मला आजही ठाऊक नाही.

साखर कारखान्याचे फोरमन हिंदुराव पंप दुरुस्तीला घेऊन आले होते, त्यांनी शिंग्या बघितला आणि येडेच झाले. हंगामाची पहिली मोळी ह्यानंच गव्हाणीपाशी आणायची, म्हणाले. आठवतंय ना तो दिवस? माणसांची ही गर्दी, मधून शिंग्या टुकूटुकू चाललाय, ट्रॉलीत वीतभर उसाची मोळी. मी काय करत होतो? त्याची बॅटरी धरून शेजारून चालत होतो. गव्हाणीजवळ मोठे इंजिनिअर साहेब पोट धरून हसले, खाली वाकून चेन बघितली, वळणाचा जोड बघितला, आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, "कुणी केलाय हा?"

मी म्हणालो, "आमी केलाय."

आता बघ, आपल्याकडं एकटा माणूससुद्धा स्वतःला आमी म्हणतो. आबा एकटेच जेवायचे आणि "आमी जेवलो" म्हणायचे. तेव्हा माझ्या त्या शब्दात तू होतीस की नव्हतीस, हे कुणालाच धड सांगता आलं नसतं. साहेबांनी मला एकट्याला धरलं, पाठीवर थाप मारली, उद्यापास्नं वर्कशॉपला ये म्हणाले. तू दहा पावलांवर बायकांच्या घोळक्यात होतीस. हात वर करून "ती बघा, तिनं केलाय" एवढंच म्हणायचं होतं. मी हातातली बॅटरीच सावरत बसलो. शिंग्या त्यांनी तिथंच ठेवून घेतला. परतताना टेम्पोत तू विचारलंस, "दादा, आमी म्हंजी कोण?" आणि मी तुझ्यावरच डाफरलो, "आमी म्हंजी आमी. सारखं काय त्येच!"

त्यानंतर तू गॅरेजची पायरी चढली नाहीस. आबांनी दोनदा हाक मारली, तू "धुणं हाय" म्हणालीस. वैशाखात तुझं लग्न झालं. मी मनाची समजूत घालत आलो की त्या काळी वर्कशॉपात पोरीला कुणी घेतलं असतं? पण विमल, कुणी नाही म्हणालं नव्हतं. कुणाला विचारलंच नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. पुढं काम शिकलो, मान मिळाला, ते खोटं नाही. पण दर दोन-चार वर्षांनी एखादा साहेब म्हणायचा, रामहरी, तसला अजून एक कर की. आणि मी कधी पाठ, कधी डोळे, कधी वेळ नाही अशी कारणं सांगायचो.

निरोप समारंभाच्या आधी पोरांनी स्टोअरमधून शिंग्या काढला. स्टेजवर चालवायचा म्हणे, माझ्याच हस्ते. चेन उतरली होती, मागचं डावं चाक काढायला हवं होतं. नट हलेना. मी जोर लावला, मग पान्याला पाइप लावून लोंबकळलो आणि स्टडच काडकन तुटला. आमच्याकडं उत्कर्षा नावाची शिकाऊ पोरगी आहे, आयटीआय केलेली, तुझ्यासारखीच पटकन तोंड उघडणारी. ती म्हणाली, "काका, डाव्या चाकाला उलटं आटं हायती की. सोडवायचा सोडून आवळत बसलात. तुमीच बसवलाय न्हवं?" हात दाखवून अवलक्षण! ट्रकचं डावं चाक चालताना सुटू नये म्हणून नट उलट्या आट्याचे असतात, हे आबा ओरडून ओरडून सांगायचे. तू सतराव्या वर्षी, खेळण्याच्या गाडीतसुद्धा, ते पाळलं होतंस. ज्यानं बसवला त्याचा हात चुकला नसता. मी काय म्हणालो असेन? "वय झालं गं." तिथंसुद्धा खोटं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

समारंभात मोडका शिंग्या टेबलावर हार घालून ठेवला होता. निवेदक सुरू झाला, चाळीस वर्षांपूर्वी याच हातांनी वगैरे. मी उठलो, माइक घेतला आणि स्पष्ट म्हणालो, "हा मी केलेला नाही. माझ्या बहिणीनं केलाय, विमलनं. मी खोटं बोलून नोकरीला लागलो." वाटलं, आता लोक थुंकतील. थुंकू देत, म्हटलं. पण टाळ्या पडल्या गं! अध्यक्ष उठून म्हणाले, बहिणीवरची माया बघा, जाता जाता श्रेयसुद्धा तिच्या ओटीत घातलं, याला म्हणतात मोठेपणा. मी पुन्हा ओरडलो, माया नाही, खरं आहे हे. तर कुणी तरी माझ्या हातात जिलेबीची ताटली दिली. पोरं पाया पडायला लागली. तेव्हा गव्हाणीजवळ माझा अर्धा शब्द सगळ्यांनी डोळे मिटून मानला, आणि आता सगळं खरं सांगितलं तर एक माणूस मानायला तयार नाही. तुझं होतं ते मी घेतलं आणि आता परत करायला गेलो तर माझाच मान वाढला. मला रडू आलं, तर तेही लोकांना निरोपाचं वाटलं.

एकट्या उत्कर्षानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं स्टड तुटताना बघितला होता. मांडवाबाहेर गाठून म्हणाली, "आत्या येतील का वो? वळणाचा जोड मला शिकायचाय." म्हणून हे पत्र. माझ्या शब्दाला आता किंमत नाही, विमल. ते तुझ्या हातांनीच दाखवावं लागेल. शिंग्या मी टेम्पोत घालून तुझ्या दारात आणून टाकू शकलो असतो, पण मग पुन्हा ते घरातल्या घरात राहील. तू वर्कशॉपमध्ये ये. सध्या गाळप बंद आहे, सगळी माणसं दुरुस्तीला खाली असतात, सगळे बघतील. सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. माफ कर म्हणायला मला तोंड नाही, आणि तू नाही म्हणालीस तर तेही मला मान्य आहे. पण आलीस, तर काम तू कर. विचारलं कुणी तर तूच सांग. मी खाली बसून तू मागशील तो पाना हातात देईन.

तुझाच,
रामहरीदादा