तुझ्या गल्लीतलं पाणी

प्रिय आत्या,

तुला जाऊन दोन महिने झाले. आज लिहायला बसले, कारण ऑफिसातून मला नोटीस आलीय. ‘नागरिकांत विनाकारण घबराट का पसरवली, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’ सकाळपासून तीन कागद फाडले. खरं सांगू? खुलासा द्यायचाच असेल, तर तो मी आधी तुला द्यायला हवा.

श्रीगोंद्याहून तुझ्याकडे शिकायला आले तेव्हा मी अकरावीत होते. दोन खोल्यांतली एक तू मला देऊन टाकलीस. पुढे शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात, लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा पेढे वाटत गल्लीभर सांगत फिरलीस, “आता पान्याला आमची सुमन हाय, काय काळजी न्हाई!” किती लाजले होते मी!

मी केंद्राजवळ खोली घेऊन राहू लागले. या उन्हाळ्याच्या तोंडी तुझा फोन आला. “सुमे, नळाला वास येतोय गं. गटारीवानी.”

तेव्हाच मी निघून यायला हवं होतं ना? पण त्या सकाळी केंद्रातला नमुना मीच तपासला होता, त्यात काही दोष नव्हता. म्हणाले, “आत्या, पाणी चांगलं आहे. मी रोज बघते.”

“तू म्हनतीस तर चांगलंच आसंल,” म्हणालीस आणि फोन ठेवलास.

आता जे तुला कधी सांगितलं नाही, ते ऐक. केंद्रातून पाणी चांगलंच सुटतं. धोका असतो तो वाटेत. दिवाळीआधी आम्हाला वाटेतल्या अशा धोक्याच्या जागा शोधायला सांगितलं होतं. मी आणि आमचे व्हॉल्व्हमन काका पंधरा दिवस पायी फिरलो. सात ठिकाणी जुना पाइप गटारीतून गेलेला सापडला. पाणी सुरू असतं तोवर निभावतं. बंद झालं की पाइप रिकामा पडतो आणि गंजलेल्या भोकांतून गटारीचं पाणी आत ओढून घेतो. आपल्याकडे तर पाणी तीन दिवसांनी येतं! आमच्या यादीतली तिसरी जागा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी होती, पिठाच्या गिरणीसमोर.

मला माहीत होतं, आत्या.

यादी साहेबांना दिली, दोनदा आठवणही केली. “वर पाठवलंय, मंजुरी आली की पाइप बदलू,” ते म्हणाले. माणूस वाईट नाही, त्यांच्याही हातात काही नव्हतं. पण तुला सांगणं तर माझ्या हातात होतं! का नाही सांगितलं? तू घाबरशील, गल्लीत बोलशील, बोलणं माझ्यावर येईल. आणि पाइप काय, आज ना उद्या बदलेलच. तुझा फोन आला तेव्हाही गिरणीसमोरची ती गटार माझ्या डोळ्यांपुढे आली होती. तरी मी चांगलं आहे म्हणाले.

चौथ्या दिवशी शेजारच्या भाभींनी कळवलं. उलट्या-जुलाबांनी तुला उठवतही नव्हतं. दवाखान्यात सलाईनवर सलाईन लावली. गल्लीतली आणखी माणसं त्याच वॉर्डात होती. ती बरी होऊन घरी गेली. तुझ्या किडन्यांनी काम सोडलं. तशातही तू मला काय म्हणालीस, आठवतं? “शिळा भात खाल्ला गं, त्यानंच बाधलं आसंल.” एकदा तरी मला बोलायचं होतंस! पाण्याचं नावसुद्धा काढलं नाहीस.

तू गेल्यावर तुझ्याच नळाचं पाणी मी काचेच्या नळीत घेतलं आणि औषधाचा थेंब टाकला. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं; घाण मिसळली की तो संपतो. रंग बदललाच नाही. आणखी एक थेंब टाकला. आणखी एक. उपयोग नाही हे मला कळत होतं, तरी टाकतच राहिले.

तुझ्या गल्लीतला पाइप आता बदललाय. बाकी सहा ठिकाणची मंजुरी अजून यायचीय. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्या गल्ल्यांत दारं वाजवत फिरले. पाणी उकळून प्या म्हणाले. एका म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “सांगितलंस ते बरं केलंस बाई. पन गॅसची टाकी महिनाभर पुरत न्हाई. सयपाक करू का पानी उकळू?” तशीच उतरले पायऱ्या. नंतर कुणीतरी तक्रार केली, त्यातून ही नोटीस.

नोकरीचं काय होईल, कळत नाही. पाइप मला बदलता येत नाही. साहेबांना हलवता येत नाही. तुला परत आणता येत नाही.

तरी एक वचन देते. अजून दोन गल्ल्या राहिल्यात. येत्या रविवारी तिथे जाईन. न उकळता पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या बाटल्या आरोग्य केंद्रातून मिळाल्या तर घेऊन, नाहीतर रिकाम्या हातानं. प्रत्येक घरचं पाणी त्यांच्यादेखत तपासीन आणि दिसेल तेच सांगेन. समोर कितीही जिव्हाळ्याचं माणूस असलं तरी.

तुझी,
सुमी