दुखतं उजवीकडे

दि. ४ मार्च

चि. ठमीस आत्याचे अ. उ. आ.

परवा एका नव्या विद्यार्थिनीने चौकात असा करकचून ब्रेक मारला, की मी सीटबेल्टमध्ये लटकलेच. बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, पण असा हिसका कधी बसला नव्हता. तेव्हापासून छातीची उजवी बाजू ठणकतेय.

तुला ठाऊकच आहे, चौदा वर्षांपूर्वी मी दोन्ही स्तनांत सिलिकॉनची इम्प्लांट बसवून घेतली. आजारपण नव्हतं, मला हवी होती म्हणून. तुझे बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. आता ती फुटलीबिटली तर नाहीत ना, म्हणून सर्जनकडे गेले. त्यांनी हाताने चाचपलं आणि हसत म्हणाले, की मुका मार आहे, हौसेच्या गोष्टींचा एवढा धसका घेऊ नये. माझं डोकंच फिरलं.

तू रोज एमआरआय काढतेस. खरं सांग, हाताने कळतं का? आणि दादाला इतक्यात काही बोलू नकोस.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी आत्या

दि. ९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हाताने नाही कळत! इम्प्लांटभोवती शरीर स्वतःची एक पिशवी तयार करतं. वरचं आवरण फाटलं तरी आतलं सिलिकॉन त्या पिशवीतच राहतं, त्यामुळे आकारही बदलत नाही आणि दुखतही नाही. मॅमोग्राफीतसुद्धा ते निसटू शकतं. आधी सोनोग्राफी कर, शंका राहिली तर एमआरआय. आणि दोन्ही बाजूंचा, दुखऱ्या एकाच बाजूचा नाही.

एमआरआयला पालथं झोपावं लागेल. यंत्र हातोडे आपटल्यासारखं वाजतं आणि अर्धा तास जराही हलायचं नसतं. तुला इतका वेळ गप्प बसवणारं कुणीतरी भेटतंय, याचा मला आनंद आहे.

सर्जन नाही म्हणाले, तर तपासणीची गरज नाही असं त्यांच्याकडून सहीनिशी लिहून घे. बाबांना मी काही बोलणार नाही, पण कळवायला उशीर केलास तर माझा नेम नाही.

तुझी माया कमी पडू देऊ नकोस.
तुझी ठमी

दि. २३ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

लिहून द्या म्हटल्यावर सर्जनसाहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि मुकाट तपासणीची चिठ्ठी दिली. सोनोग्राफीत डावीकडे काहीतरी शंका आली, म्हणून एमआरआय झाला.

उजवं इम्प्लांट धड आहे. फुटलंय ते डावं!

तिथल्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं. गोळ्याच्या आत वेड्यावाकड्या रेषा होत्या. ते फाटलेलं आवरण, आतच दुमडून पडलंय, असं त्या म्हणाल्या. बहुधा हिसक्याच्या आधीपासूनचं असावं. सिलिकॉन पिशवीबाहेर गेलेलं नाही. उजवीकडे खरोखरच मुका मार होता. खोटं कशाला सांगू, लिफ्टमध्ये रडले. माझ्याच अंगात हे कधी झालं, ते मलाच माहीत नव्हतं.

मग चेहरा धुतला आणि ते फोटो सर्जनपुढे ठेवले. या वेळी हसले नाहीत. ऑपरेशनची तारीख देऊ लागले, तर मी सांगितलं, की ऑपरेशन दुसरीकडे करणार आहे. दादालाही मीच फोन केला. तो म्हणाला, की छप्पन्नाव्या वर्षी शोभतं का, आता काढून टाक आणि स्वस्थ बस.

तुझ्यावर जीव लावून बसलेली,
आत्या

दि. १८ एप्रिल

चि. ठमीस अ. उ. आ.

ऑपरेशन नीट झालं. दोन्ही जुनी काढली आणि दोन्हीकडे नवी बसवून घेतली. हो, घेतली! नव्या डॉक्टरांनी दुखत नसलं तरी ठरलेल्या वर्षी तपासणी करायची, असं फाईलवर लिहून दिलंय.

घरी सोडायच्या दिवशी दादा न बोलावता आला. कॉटशेजारी बसून चष्मा पुसला. म्हणाला, की पुन्हा बसवायच्या आधी निदान एकदा विचारायचंस तरी. मी म्हटलं, की चौदा वर्षांपूर्वी विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही, पुढेही विचारणार नाही. पण मला जड उचलायची मनाई आहे, तेव्हा बॅग तेवढी घे.

त्याने घेतली.

आहेस तशीच राहा, मला तशीच आवडतेस.
तुझी आत्या