बावीस वर्षांची परंपरा असलेला नवा उद्योग

वापी,
३ फेब्रुवारी १९९९

प्रिय मित्र फर्डिनंड यास,

सप्रेम नमस्कार. फ्लॉसीवहिनींचा गुडघा कसा आहे? एमिलीची परीक्षा जवळ आली असेल. तिला सांग, खूप शिक, पण सरकारी फॉर्म भरताना कमी शब्द वापर. असं का म्हणतो ते पुढे कळेलच. मी बरा आहे, म्हणजे जेवतो आणि श्वास घेतो.

वसईजवळच्या वालीवमधल्या शेडी बंद करून गुजरातेत जाणाऱ्या दहा कारखानदारांना मी आपल्या नंदाखालच्या वाचनालयातल्या भाषणात ‘पळपुटे’ म्हटलं होतं, ते तुला आठवत असेल. (तू पहिल्या रांगेत झोपला होतास, पण टाळ्यांनी जागा झालास.) पुढे दोनच वर्षांत त्या पळपुट्यांच्या खिडकीच्या कड्या माझ्या कड्यांपेक्षा स्वस्त विकल्या जाऊ लागल्या, कारण त्यांना विक्रीकर माफ. शिवाय विरारला एक खोली येते तेवढ्या पैशात इथे तीन. तेव्हा मीही निघालो, मात्र निषेध म्हणून. (पळून जाणं आणि निषेध म्हणून जाणं यातला फरक मी निरोपाच्या सभेत पाऊण तास समजावला. तरी तू मागून ओरडलास, “म्हणजे पल्हाद, तू अकरावा!”) त्याच सभेत वाडीसकट घर विकण्याचं कुलमुखत्यारपत्र मी सर्वांदेखत तुझ्या हातात ठेवलं आणि म्हणालो, “परतीचं दार उघडं ठेवणारा माणूस कधी निघालेलाच नसतो!” वाक्य झकास होतं. माझा घात नेहमी झकास वाक्यांनीच होतो.

पारशी मंडळी आली ती इथून जवळच, संजाणला. त्यांना आसरा देणारा राजा भेटला, मला कारकून भेटला. करमाफीच्या फॉर्मात ‘उद्योगाचे स्वरूप’ असा एक रकाना होता. बोटभर जागा. शहाण्या माणसाने तिथे ‘खिडकीच्या कड्या’ एवढंच लिहिलं असतं. मी चार फुलस्केप कागद जोडले. वडिलांनी घेतलेलं पत्रा कापायचं पहिलं प्रेस, वालीवची शेड, बावीस वर्षांची अखंड परंपरा, कामगारांशी कधीही न झालेला तंटा, सगळं ओघवत्या हिंदीत. (ते लिहिताना माझे स्वतःचेच डोळे भरून आले.) कारकुनाने ते पूर्ण वाचलं, हे त्याचं मोठेपण. मग म्हणाला, “काका, बहुत अच्छा लिखा है. लेकिन माफी नये उद्योग को है. आपने तो खुद लिखा है, बाईस साल पुराना.” मी मुद्दा मांडायला उभा राहिलो. तो डबा खायला उठला.

आता मी कर भरतो तो इथे. गिऱ्हाईक सगळं वसईत, म्हणून कड्या ट्रकने तिकडेच पाठवतो आणि वर ट्रकचं भाडं भरतो. घर स्वस्त का मिळालं, ते वाऱ्याची दिशा बदलून रसायनांच्या कारखान्यांचा वास घरात शिरल्यावर कळलं. पण हेही सोसलं असतं रे. सोसायटीच्या सभेत गेल्या महिन्यात मी ‘नागरिक आणि कर’ या विषयावर दोन शब्द बोलायला उठलो, तर सेक्रेटरी म्हणाले, “काका, पानी की टंकी पे बोलना है तो बोलो.” टाकीवर माझं काही म्हणणं नव्हतं. खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा, न बोलता खाली बसलो. त्या दिवसापासून माझं बोलणंच आटलं आहे. डॉक्टर म्हणतात काही नाही.

असो. दिला शब्द मी फिरवत नाही. तो विरारचा बिल्डर विलास घराचं साठेखत घेऊन आला की बेलाशक सही कर. मागे वळून पाहणं माझ्या रक्तात नाही.

तुझा,
प्रल्हाद

ता. क. सही करू नकोस.

ता. क. २ : गावाने ठराव करून मला परत बोलावलं, तर लोकेच्छेपुढे मान तुकवावी लागेल. ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे. पाच पानं आहेत. सूचक तू हो.

ता. क. ३ : फर्डिनंडभावजी, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. घर विकू नका, पण तो ठरावही मांडू नका. ह्यांचं बोलणं बंद झालं आणि गेल्या आठवड्यात ह्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं, “मनोरमा, तुला काय वाटतं?” लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. माझं अजून सांगून संपलेलं नाही.