तिरंदाज बाईचा नकार आणि लोहाराचा बदाम

मु. पो. देवळाली प्रवरा

सौ. पंकजाताईस,

धाकट्या रविराजचा वाकून नमस्कार. (वाकलेला मी आधीपासूनच आहे. परवा ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या, तेव्हापासून कंबर सरळ होत नाही. तेव्हा नमस्कार आपसूक घडला असं समज.) इकडे सगळे मजेत. आईची साखर आटोक्यात आहे असं आई म्हणते, डॉक्टर म्हणत नाहीत. उसाला अजून तोड आलेली नाही, उसात बिबट्या मात्र आलेला आहे. दाजींना सुप्याच्या कंपनीत पुन्हा रात्रपाळी लागली का? त्यांच्या पित्ताला कॅन्टीनचं जेवण मानवत नाही, तरी ते आवडीने जेवतात, हे तू सांगितल्यापासून मला त्यांचा आदर वाटतो. सासूबाईंना साष्टांग नमस्कार. त्यांना असंही सांग, की हे पत्र त्यांच्यामुळेच लिहावं लागतंय. तुझा मोबाईल दिवसभर त्यांच्याकडे भजनं ऐकायला असतो, आणि मागचा माझा मेसेज त्यांनी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवला. फोन करावा तर आई इकडे स्पीकर लावते आणि तू तिकडे लावतेस. म्हणून ह्या जमान्यात कागद-पेन घेऊन बसलोय.

राहात्याच्या स्थळाचं तुझ्या कानावर आलंच असेल. मुलीकडून होकार आला. होकार! आपल्या भागात शेतकऱ्याच्या पोराला होकार येणं किती दुर्मिळ, ते तुला सुप्यात बसून कळणार नाही. माझ्या वयाची गावातली पोरं मुली बघून बघून आता पोह्यांतली मोहरी कुठल्या बाजारची ते सांगू लागलीत. आणि मला होकार! मोनिका नाव. औषधांच्या दुकानात काम करते, स्वच्छ बोलते. आम्हाला दोघांना ओट्यावर बोलायला सोडलं, तेव्हा तिने पहिलाच प्रश्न केला, ‘तुम्हाला स्वतःला हे लग्न करायचंय ना?’ मी पोह्यांकडे बघत राहिलो. तिला वाटलं लाजाळू आहे. रविवारी आपल्याकडून निरोप जायचा आहे. मध्यस्थ बन्सीमामा रोज फोन करतात, आई रोज माझ्याकडे बघते, आणि मी रोज ‘बघू’ म्हणतो. हे ‘बघू’ का, ते सांगण्याआधी तुला दुसरीच एक हकीगत सांगतो. कंटाळू नकोस, त्यातही लग्नच आहे.

तर मी तो संगणकावरचा गेम खेळतो, तलवारी-राक्षस-किल्लेवाला, तो तुला माहीत आहे. (तू त्याला ‘तुझं ते ढिशांव ढिशांव’ म्हणतेस.) दिवाळीनंतर मी तो समोरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला, आणि तिथेच घोळ झाला. आई भुईमुगाच्या शेंगा फोडायला टीव्हीपुढेच बसते. दोन दिवस नुसतं बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘ह्या मालिकेत जाहिराती न्हाईत, हे बरं हाय.’ तेव्हापासून ती रोजची प्रेक्षक. बोलणं सगळं इंग्रजी, तेव्हा मी दुभाष्या. एकदा पडद्यावर भलामोठा आग ओकणारा ड्रॅगन आला. मला वाटलं आई दचकेल. ती म्हणाली, ‘एवढा मोठा जीव, पर लपता येत न्हाई. आपला बिबट्या बरा.’

आता ह्या गेममध्ये लढाया असतात तशी प्रेमंही असतात. आपला जो योद्धा, त्याने सोबतच्या मंडळींशी गोड बोलायचं, त्यांची कामं करायची, भेटी द्यायच्या, मग हळूहळू त्यांचं मन वळतं आणि जमलं तर लग्न लागतं. माझ्या टोळीत इलेरा नावाची एक तिरंदाज बाई होती. देखणी, तापट, नेम अचूक. आईला ती पहिल्या दिवसापासून पसंत. मला कळायच्या आत घरात तिचं स्थळ चालू झालं. गाव कोणतं, भाऊ किती, जंगलात एकटी राहते तर घरच्यांशी पटत नाही का, एक ना दोन. मी तिला लांडग्याची कातडी भेट देऊ लागलो (भेट दिली की मर्जी वाढते), तर आई चिडली, ‘पोरीला कातडी काय देतो? साडी दे की!’ साडी त्या राज्यात मिळत नाही म्हटल्यावर तिचं त्या राज्याबद्दलचं मत कायमचं खराब झालं. शिवाय असं थेट मुलीशी बोलणं तिला पटेना. आपल्यात आधी मध्यस्थ घालतात. तिच्या समाधानासाठी मी गेममधल्या गुत्त्याच्या मालकाशी जाऊन बोललो. त्याने मला दारूचे भाव सांगितले. आई म्हणाली, ‘मध्यस्थ सगळीकडं सारखेच.’

शेवटी विचारण्याचा दिवस आला. आणि ताई, आईने राहीकाकूला बोलावलं! सुपारी फुटणार म्हणून! काकू नवी साडी नेसून आली, चहा झाला, दोघी पुढे सरसावून बसल्या. पडद्यावर नदीवरचा पूल, चांदणं, वगैरे. मी बटण दाबलं. इलेराने माझ्या योद्ध्याकडे फार मायेने बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, की तू मित्र म्हणून लाखात एक आहेस, पण माझं मन पुरुषांवर कधी जडलं नाही. बायकांवरच जडतं.

‘काय म्हनली?’ काकूने विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तिला पुढं शिकायचंय.’

जिल्ह्यातला हा सर्वमान्य नकार असल्याने काकूला काही शंका आली नाही. तिने इलेराच्या नावाने बोटं मोडली, ‘तुज्यात काय कमी न्हाई रे पोरा,’ म्हणून पाठीवरून हात फिरवला आणि घरी गेली. (गावात आता अशी वदंता आहे की मला आणखी एका मुलीने नाकारलं. दोघांनी येऊन सांत्वन केलं.) आई मात्र जागची हलली नाही. शेंगा फोडत म्हणाली, ‘खरं काय म्हनली ती?’ मग सांगितलं. शब्द सापडेनात, पण सांगितलं. तिने दाणे पाखडले, फुंकर मारली आणि म्हणाली, ‘एवढी कातडी घेतली तवा बोलायचं ना मग.’ थोड्या वेळाने आपल्याशीच म्हणाली, ‘भ्याली आसंल.’

आमचा खेळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे मोबाईलवर, त्यात मी ही कर्मकथा टाकली आणि दोन दिवस नुसता धुरळा उडाला. नेवाशाचा ज्ञानेश्वर, ज्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तो भयंकर संतापला. त्याचं म्हणणं, आपण गेम विकत घेतला, म्हणजे सगळ्यांनी आपल्याला हो म्हटलं पाहिजे. बाहेर कुणी हो म्हणत नाही ते नाहीच, आता गेममध्येही नाही? (ज्ञानेश्वरचं अजून जमत नाही, हे तुला ह्यावरून कळलं असेल.) नगरला वकिली शिकणारी संस्कृती त्याच्यावर तुटून पडली. ती म्हणाली, इतकी वर्षं सगळ्या गेममधल्या सगळ्या बायका तुमच्याचसाठी होत्या, एक कुठे आमच्या वाट्याला आली तर लागले रडायला! त्यावर ज्ञानेश्वरने एक तोडगा शोधून आणला. कुणा परदेशी उद्योगी माणसाने एक मॉड म्हणजे बाहेरून जोडायचा तुकडा बनवला आहे, तो गेममध्ये घातला की इलेरा कुणालाही हो म्हणते. मी हे आईला सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली. ‘म्हंजी पोरीचं मन फिरवायचं औषध? असलं काय आनशील तर टीव्ही इकून टाकीन.’ मी तिचा निकाल ग्रुपवर कळवला. संस्कृतीने आईला दंडवत पाठवलाय.

नृसिंहही ह्याच ग्रुपवर आहे. (नृसिंह म्हणजे कोपरगावच्या जोशीबुवांचा धाकटा, तिकडेच बँकेत असतो. दिवाळीत आपल्याकडे येऊन चकल्या संपवून गेला तो.) मग त्याने लिहिलं, की एखाद्या पात्राची स्वतःची आवड असली तर त्याला त्यात काही वावगं दिसत नाही, उलट त्यामुळे ते पात्र जिवंत वाटतं. फक्त आधीच्या गेममध्ये त्याच्या योद्ध्यासाठी कधी कुणी ठेवलेलंच नसायचं. त्यामुळे तो दर वेळी राजकन्येशी लग्न लावायचा आणि मग संध्याकाळभर तिच्या भावाशी गप्पा मारत बसायचा. ह्यावर सगळ्यांनी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. मीही लावली. नंतर बांधावर जाऊन पाणी बघत उभा राहिलो. हसू येत नव्हतं.

आता लोहार. किल्ल्याच्या दाराशी एक लोहार बसतो, ब्रोगन नावाचा. आडदांड, दाढीत राख, बोलणं मोजकं. त्याच्याकडे मी तलवारीला धार लावायला जायचो. एकदा तो म्हणाला, हात गार पडलेत तुझे, शेकोटीपाशी बस जरा. समोर उत्तरांचे चार पर्याय आले आणि मी (घाईत, ताई, अगदी घाईत) एक दाबला. टुण्ण आवाज झाला आणि लोहाराच्या डोक्यावर लालभडक बदाम उगवला.

‘ह्यो बदाम का आला?’ आईने विचारलं.

‘भट्टी तापली की येतो,’ मी म्हणालो.

‘आसं व्हय,’ म्हणाली आणि शेंगा फोडू लागली. पण त्या दिवसापासून रोज चहा झाला की विचारते, ‘आज लोहाराकडं न्हाई गेला?’ जातो. काय करणार, तलवार बोथट होते. आईला तो माणूस आवडलाय. हातात कला आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि सगळ्या राज्यात जेवलास का म्हणून विचारणारा तो एकटाच, असं तिचं मत. काल त्याने माझ्या योद्ध्याला स्वतः घडवलेलं कडं दिलं. मी भाषांतर केलं नाही. तिने मागितलंही नाही.

असो. हे पुराण बरंच लांबलं. दाजींना नमस्कार सांग. त्यांना सांगण्यासारखं ह्या पत्रात बिबट्याशिवाय काही नाही.

तुझा,
रविराज

ता. क. – राहात्याला ‘नाही’ म्हणून तू कळवशील का? बन्सीमामा तुझं ऐकतात. कारण काहीही सांग. पत्रिका जुळत नाही म्हण, नाडी म्हण. मुलाला पुढे शिकायचंय म्हटलंस तरी चालेल. मोनिकाला वाईट वाटेल असं काही सांगू नकोस, तिच्यात खोट काढायला जागा नाही.

ता. क. २ – दिवाळीत तू मला ओसरीत विचारलंस, ‘नृसिंह इतक्या लांबून नुसता गेम खेळायला येतो का रे?’ आणि मी मांजर हाकलायला उठलो. तिथे मांजर नव्हतं. ताई, तो गेम खेळायला येत नाही. आणि मला तो आला की बरं वाटतं, गेला की घर रिकामं होतं. हे लिहिल्यावर कंबरसुद्धा जरा सरळ झाल्यासारखी वाटते. आईला कसं सांगायचं ते मला कळत नाही. तू सांगशील? तुला जमतं.

पंकजा, मी आई लिहितेय. रविराजनं हे पाकीट तुज्या कुरडयांच्या डब्यात तळाला घातलं. डबा भरतं कोन, ह्याचा त्यानं इचार केला न्हाई. कुरडया मोडल्या आसतील तर त्यालाच धर.

सगळं वाचलं. मंग चष्मा काढून बसले, मंग परत वाचलं. मला ह्यातलं सगळं उमगलं आसं न्हाई. रातभर तुमच्या आप्पांच्या फोटोकडं बघत पडले, त्ये बी काय बोलले न्हाईत. तुला आदीच वास लागला हुता आन तू मला बोलली न्हाई, त्याचा राग हाय. त्यो तू आल्यावर काढीन. भावकीला तोंड कसं द्यायचं त्ये बी तवाच बघू.

राहात्याला तू कळवायचं न्हाई. नाडी न्हाई आन पत्रिका बी न्हाई. त्या पोरीनं सरळ इचारलं हुतं, तिला सरळ उत्तर पायजे. उद्या तिच्या गळ्यात आमी खोटं बांधलं आन ती जलमभर घरात आपलं काय चुकलं म्हून शोधीत बसली, तर त्ये पाप माज्या माथी. तिला त्यानंच सांगायचं.

पर आदी मला सांगू दे. मी वाचलंय हे त्याला कळू देऊ नको. त्याला फोन कर आन म्हनावं, तुजं तूच बोल, आई काय खात न्हाई. शनवारी दुपारी मी राहीला बोलावलं न्हाई, टीव्ही बी लावनार न्हाई. मी आपल्या तोंडानं इचारनार न्हाई, पर वाट बघत बसनार हाय. उशीर लावू नको म्हनावं.