‘तस्मात्’ कुणाचे?

रबाळे, ८ जानेवारी २०२५

ती. शुभदाआत्यास,
संघमित्राचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर बोलायचं टेन्शन येतं, म्हणून पत्र. चोरीच्या संशयावरून आणलेल्या आकाशचा पाय आमच्या साहेबांनी कोठडीत मोडला. मी ते वरिष्ठांना सहीनिशी कळवलं. तुलाही बोलले नव्हते. आता चौकशी माझीच लागली आहे. तक्रारीचा शेवट होता, ‘तस्मात्, ही इजा कोठडीतच झाली.’ साहेब म्हणतात, शिपाई अशी भाषा लिहीत नाही. मजकूर बाहेरच्याने लिहून दिला, म्हणजे मी माहिती फोडली. तसं ठरलं तर नोकरी जाईल. अंकुश तेव्हा माझ्यासोबत ड्यूटीवर होता. तो आता डबासुद्धा वेगळा खातो.

लहानपणी पोह्यांबरोबर तो शब्द तूच भरवलास. आता निस्तर.
तुझी, मित्रा

कामोठे, १२ जानेवारी

चि. संघमित्रा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचून चिंता वाटली आणि, मान्य करणे भाग आहे, किंचित अभिमानही. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना माझ्या एका शब्दाने एवढी खळबळ कधी माजली नव्हती.

तुझ्या साहेबांचा युक्तिवाद असा: शिपाई शुद्ध लिहीत नाहीत, हे शुद्ध आहे, म्हणून हे शिपायाचे नव्हे. यातील पहिले विधान असत्य आहे आणि ते खोटे पाडणारी व्यक्ती त्यांच्यासमोर उभी आहे. शिवाय मजकूर कोणाचाही असो, आकाशचा पाय मोडलेलाच राहतो. चौकशीत लेखी काही देऊ नकोस. तोंडाने बोल, म्हणजे भाषा तुझीच आहे हे त्यांना ऐकू येईल.

नाचणीचे लाडू पाठवते आहे. डबा अंकुशसमोर उघडा ठेव.
तुझी, शुभदाआत्या

जासई, २० मार्च

ती. शुभदाआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि. चौकशीत मला ‘तस्मात्’चा अर्थ विचारला. मी म्हटलं, वाक्यात वापरून दाखवते. आकाश स्वतःच्या पायांनी कोठडीत गेला, बाहेर त्याला उचलून आणलं, मधल्या वेळात आत फक्त साहेब होते, तस्मात्... तिथेच मला थांबवलं. पण लिहून घेणाऱ्याने तोवर सगळं लिहून घेतलं होतं.

नोकरी राहिली, बदली झाली. साहेब होते तिथेच आहेत. मी इथे कंटेनरच्या गाड्यांना हात दाखवते. ओरडून आवाज तुझ्यासारखा झालाय.

तेव्हा तुझ्या लाडवांना कुणी हात लावला नव्हता. काल अंकुश इथवर आला, स्वतःहून लाडू मागितला, कडक आहे म्हणाला आणि दोन खाल्ले. मग वरिष्ठांना दिलेला स्वतःचा जबाब दाखवला. शेवटची ओळ: ‘तस्मात संघमित्रा यांनी लिहिले ते खरे आहे.’ शब्द बरोबर आहे का, ते तुला विचारायला सांगितलंय.
तुझी, मित्रा

कामोठे, २४ मार्च

चि. संघमित्रा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. लाडवांवरील आरोप अमान्य. रविवारी दोघांनी येऊन ताज्यांची तपासणी करावी.

‘तस्मात्’मधला शेवटचा त पाय मोडून लिहितात. अंकुशने तो अखंड ठेवला आहे. नियमाने ही चूकच. परंतु या प्रकरणात एक पाय मोडला तेवढा पुरे. त्याला सांग, तसाच राहू दे.

लोभ आहेच, तो वाढावा अशी विनंती करण्याचे कारण दिसत नाही.
तुझी, शुभदाआत्या